अर्थसंकल्प आणि रोजगाराचा हक्क : एक अभ्यास

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात देशाचा अर्थसंकल्प संसदेत मांडला जातो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळात येतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत काय स्वस्त झाले, काय महागले आणि प्राप्तिकरात किती सवलत मिळाली यांचे रकानेच्या रकाने भरून येतात. आपल्या वस्तीतील बहुतेक कुटुंबांना प्राप्तिकर लागूच होत नाही. साहजिकच अर्थसंकल्प म्हणजे नोकरदारांचा आणि व्यापाऱ्यांचा विषय, आपला त्याच्याशी संबंध नाही, असा समज समाजात रूढ झाला आहे. हा समज दूर करणे हा या लेखाचा हेतू आहे.

ज्याच्यापाशी जमीन नाही, दुकान नाही, भांडवल नाही, त्याच्यापाशी विकण्यासाठी एकच वस्तू असते आणि ती म्हणजे त्याचे श्रम. श्रमाला मागणी असेल तर चूल पेटते, नसेल तर पेटत नाही. ही मागणी कोणत्या वर्षी वाढेल, कोणत्या भागात वाढेल आणि कोणाच्या वाट्याला येईल, हे ठरवण्यात सरकारी खर्चाचा मोठा वाटा असतो. म्हणूनच अर्थसंकल्पाशी सर्वांत जवळचा संबंध कोणाचा असेल, तर तो मजुराचा आणि नोकरीच्या शोधात असलेल्या सुशिक्षित तरुणाचा आहे, असे आम्ही मानतो.

१. अर्थसंकल्प म्हणजे काय?

आपल्या राज्यघटनेत ‘अर्थसंकल्प’ हा शब्द या अर्थाने वापरलेला नाही. अनुच्छेद ११२ मध्ये केंद्रासाठी आणि अनुच्छेद २०२ मध्ये राज्यासाठी ‘वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र’ मांडण्याचे बंधन घातले आहे. येत्या वर्षात सरकारकडे किती पैसा येईल आणि तो कशावर खर्च होईल, याचा हा अंदाज होय. लोकप्रतिनिधींच्या मंजुरीवाचून सरकारला तिजोरीतून एक रुपयाही काढता येत नाही. त्यामुळे अर्थसंकल्प हा केवळ जमाखर्च नसून लोकशाहीतील सर्वांत महत्त्वाचा करार आहे.

विद्यार्थ्यांनी त्यातील तीन शब्दजोड्या नीट समजून घ्याव्यात. पहिली जोडी महसुली खर्च आणि भांडवली खर्च ही होय. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने हा महसुली खर्च, तर रस्ते, धरणे, रेल्वे, इमारती हा भांडवली खर्च. दुसरी जोडी जमा आणि तूट. उसनवारी सोडून सरकारला जे काही मिळते, त्यापेक्षा एकूण खर्च जितका अधिक असेल, तितकी राजकोषीय तूट. ती कर्ज काढून भरली जाते. तिसरी जोडी सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, ती म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष. अर्थसंकल्पाच्या दिवशी जाहीर होतो तो ‘अर्थसंकल्पीय अंदाज’. वर्ष संपत आले की ‘सुधारित अंदाज’ येतो आणि त्यानंतर ‘प्रत्यक्ष खर्च’ कळतो. टाळ्या पडतात त्या पहिल्या आकड्याला, परंतु मजुराच्या हातात पडतो तो तिसरा आकडा.

२. मंदीत सरकारने खर्च का करावा?

एखाद्या कुटुंबाची मिळकत घटली तर ते खर्च कमी करते. मग देशाची मिळकत घटली असता सरकारने खर्च वाढवावा, हे उलटे गणित कशासाठी, असा प्रश्न अभ्यासवर्गात नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. मंदीत सर्वांनीच हात आखडता घेतला तर माल पडून राहतो, कारखाने पाळ्या कमी करतात, कामगार घरी बसतात आणि घरी बसलेला कामगार आणखी कमी खरेदी करतो. हे चक्र आपोआप थांबत नाही. ते थांबवण्याइतकी ऐपत ज्याच्याकडे असते, असा खरेदीदार एकच, तो म्हणजे सरकार. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही विचारसरणी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली.

गावातले उदाहरण घेऊ. नालाबांधाच्या कामावर शंभर मजुरांना आठवड्याचा पगार मिळाला. त्यातला बहुतेक पैसा आठवडी बाजारात तेल, मीठ, डाळ आणि मुलांच्या कपड्यांवर खर्च झाला. दुकानदाराने त्यातून माल भरला, शिंप्याला काम मिळाले, टेम्पोवाल्याला भाडे मिळाले. सरकारने दिलेला एक रुपया अशा रीतीने चार हातांतून फिरतो. तोच रुपया श्रीमंताला करसवलत म्हणून दिला तर त्याचा मोठा भाग बँकेत शिल्लक राहण्याची शक्यता अधिक. गरिबाच्या हातातील पैसा लवकर फिरतो. म्हणून रोजगारावरील खर्च हा उपकार नसून मंदीवरचा उपाय आहे.

या उपायाचा सर्वांत मोठा प्रयोग १९३० च्या दशकात अमेरिकेत झाला. महामंदीत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३३ पासून लोकांना थेट कामावर घेतले. १९३५ ते १९४३ या काळात चाललेल्या एकाच सार्वजनिक बांधकाम कार्यक्रमात सुमारे ८५ लाख लोकांना काम मिळाले. मात्र या प्रयोगाची दुसरी बाजूही आपण विसरता कामा नये. त्याच काळात, १९३५ मध्ये, झालेल्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार यांना वगळण्यात आले. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कामगार प्रामुख्याने याच दोन कामांत होते. कायद्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता, तरीही फार मोठा कृष्णवर्णीय समाज बाहेर राहिला. योजना कोणाच्या नावाने आहे यापेक्षा ती कोणत्या दाराने येते हे महत्त्वाचे, हा धडा येथे मिळतो. या लेखात पुढे तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडे हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी हाताळला होता. १९१८ साली भारतातील लहान धारण क्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, शेतीचे दुखणे केवळ तुकड्यांच्या आकारात नाही. जमिनीवर नको इतक्या माणसांचा भार आहे, त्यांपैकी पुष्कळांना पुरेसे काम नाही आणि हे रिकामे श्रम सामावून घ्यायचे तर औद्योगिकीकरण हवे, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतात सगळे कुटुंब राबताना दिसते, पण त्यांपैकी दोघे उठून गेले तरी पीक तेवढेच येते. या लपलेल्या बेकारीला पुढे अर्थशास्त्रात स्वतंत्र नाव मिळाले.

३. महाराष्ट्राचा धडा : रोजगार हमी योजना

रोजगारासाठी पैसा कसा उभा करावा आणि तो कसा बांधून ठेवावा, याचे जगात अभ्यासले जाणारे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास वि. स. पागे यांच्या पुढाकाराने एक लहानसा प्रयोग झाला. मागेल त्याला काम, असे त्याचे स्वरूप होते. पागे हे अनेक वर्षे महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते. १९७२ साली ही योजना राज्यपातळीवर जाहीर झाली आणि त्याच सुमारास भीषण दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. खडी फोडणारे हात, डोक्यावर पाटी घेतलेल्या स्त्रिया आणि बांधावर झोळीत निजलेली मुले हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. त्या हातांमध्ये आपल्या समाजाचे हात किती होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे.

दुष्काळ सरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर १५ दिवसांत ते दिले पाहिजे, न दिल्यास बेकारभत्ता दिला पाहिजे, असे बंधन सरकारवर आले. सुरुवातीला भत्त्याची किमान रक्कम रोजी एक रुपया एवढी अल्प होती. तरीही ‘काम द्या’ ही विनंती राहिली नाही, ती मागणी झाली.

आमच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत शहाणपणाचा भाग त्याच्या पैशाची व्यवस्था हा आहे. १९७५ च्या कायद्याने व्यवसायकर बसवण्यात आला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापला जाणारा हा कर रोजगार हमीसाठी होता. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहनकर, बागायती जमीन आणि शहरी मालमत्ता यांवरील काही अधिभारांचे उत्पन्न आले. या साऱ्यातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची आणि दोहोंचा मिळून एक रोजगार हमी निधी ठेवायचा, अशी ही रचना होती. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून कापलेले थोडे रुपये बीड, धुळे, सोलापूरकडील मजुराच्या हजेरीपत्रकावर पोहोचत. शहर आणि खेडे यांना जोडणारा असा दुवा अर्थसंकल्पात क्वचितच आढळतो.

या कामांतून पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते उभे राहिले. १९९० नंतर फळबाग लागवडही योजनेशी जोडली गेली. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, कारण काम गावाजवळ होते आणि मजुरी कामाच्या मापावर होती. योजनेत दोष होते हे मान्य केले पाहिजे. हजेरीपत्रकावर खोटी नावे, मोजमापात फसवणूक, पगाराला होणारा उशीर याविरुद्ध ठिकठिकाणी मजुरांच्या संघटनांना मोर्चे काढावे लागले. परंतु मोर्चा काढता आला, कारण मागे कायदा होता.

४. हक्क कागदावर राहिला तर काय होते?

१९८० च्या दशकाच्या मध्यावर या योजनेत वर्षाला सुमारे १८ कोटी मनुष्यदिवस काम होत असे. १९८८ मध्ये किमान वेतनाचा दर दुप्पट झाला आणि त्यानुसार हमीच्या कामावरील मजुरीही वाढली. मजुरी वाढली तर कामावर अधिक माणसे येणार, हे उघड आहे. प्रत्यक्षात मात्र पुढील वर्षांत मनुष्यदिवस जवळजवळ निम्म्यावर आले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी या काळाचा अभ्यास करून १९९३ मध्ये जो निष्कर्ष मांडला त्याचा आशय असा की, हमी असूनही कामाचे वाटप आखडते झाले. म्हणजे कायदा तोच, निधी तोच, पण नवी कामे काढण्यात हात आखडला आणि गरजू बाहेर राहिले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तरतूद आणि कायदा हे दोन पाय असले तरी तिसरा पाय मागणीचा आहे. ज्या तालुक्यात मजुरांनी अर्ज लिहून दिले, पोच मागितली, भत्त्याचा आग्रह धरला, तेथे काम निघण्याची शक्यता अधिक असे. जेथे कोणी मागितलेच नाही, तेथे ‘मागणी नाही’ असा शेरा मारणे कचेरीला सोपे गेले.

५. महामारीचे वर्ष

महाराष्ट्राचा अनुभव पुढे ठेवून २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी त्यात होती. फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २००८ मध्ये देशभर लागू झाली आणि २००९ मध्ये तिला महात्मा गांधींचे नाव मिळाले.

तिची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ पाव भागाने घटले. मुंबई, पुणे, सुरत येथून लाखो कामगार पायी गावाकडे निघाले. त्या वर्षीच्या मूळ अर्थसंकल्पात रोजगार हमीसाठी ६१,५०० कोटी रुपये होते. मे महिन्यात आणखी ४०,००० कोटी वाढवण्यात आले आणि सुधारित अंदाज १,११,५०० कोटींवर गेला. वर्षभरात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले आणि साडेसात कोटींच्या आसपास कुटुंबांनी त्याचा आधार घेतला.

हे कशामुळे शक्य झाले? यंत्रणा आधीपासून उभी होती, जॉबकार्डे घराघरांत होती, ग्रामपंचायतीला काम काढण्याची पद्धत माहीत होती. आणि मुख्य म्हणजे, खर्च मागणीप्रमाणे वाढवणे सरकारला कायद्याने भाग होते. संकटाच्या दिवशी नवी योजना आखत बसले असते तर वर्ष निघून गेले असते.

पुढच्या वर्षीचा, म्हणजे २०२१-२२ चा अर्थसंकल्प अर्थव्यवस्थेच्या पुनरुज्जीवनाचा म्हणून मांडला गेला. भांडवली खर्चाची तरतूद ५.५४ लाख कोटी रुपये करण्यात आली. आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीपेक्षा ती ३४.५ टक्क्यांनी अधिक होती. रोजगार हमीची तरतूद मात्र ७३,००० कोटी, म्हणजे आदल्या वर्षीच्या सुधारित अंदाजापेक्षा पुष्कळ कमी होती. वर्ष संपता संपता तीही वाढवून ९८,००० कोटी करावी लागली. महामार्ग आणि रेल्वेवरील खर्च देशाला आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्या कामात यंत्रांचा वाटा मोठा असतो. जेथे पूर्वी दोनशे पाट्या-फावडी लागत, तेथे आज एक जेसीबी पुरतो. म्हणून भांडवली खर्चाचा आकडा ऐकताना त्यातील मजुरीचा भाग किती, हेही विचारले पाहिजे. रोजगार हमीच्या कायद्यात अकुशल मजुरीवर किमान ६० टक्के खर्च करण्याची अट होती, ती यासाठीच.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले. परंतु त्याबरोबरच बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला आणि केंद्राची रक्कम राज्यवार आधी ठरवून देण्याची पद्धत आली. ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक खर्च झाला तर तो राज्याने सोसायचा. दिवसांचा आकडा वाढला ही चांगली गोष्ट आहे. पण मागणीप्रमाणे पैसा आणि पैशाप्रमाणे काम या दोहोंत महत्त्वाचा फरक आहे, हे १९८८ नंतरचा महाराष्ट्र आपल्याला सांगतो.

६. २०२४ चा रोजगार अर्थसंकल्प

२३ जुलै २०२४ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात रोजगाराला अग्रस्थान होते. पाच योजनांचा संच, पाच वर्षांत २ लाख कोटी रुपये आणि ४.१ कोटी तरुण असे उद्दिष्ट जाहीर झाले. पहिल्यांदा नोकरीस लागणाऱ्याला एका महिन्याच्या पगाराइतकी, पण १५,००० रुपयांपर्यंत मदत, नवे कामगार घेणाऱ्या मालकाला दरमहा ३,००० रुपयांपर्यंत परतावा, एक हजार औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची सुधारणा आणि ५०० मोठ्या कंपन्यांत एक कोटी तरुणांना वर्षभराची उमेदवारी, असे तिचे मुख्य भाग होते. उमेदवारीसाठी दरमहा ५,००० रुपये भत्ता आणि एकरकमी ६,००० रुपये ठरले.

आता अंदाज आणि प्रत्यक्ष ही जोडी येथे लावून पाहू. नोकरी-प्रोत्साहनाच्या योजनेला मंत्रिमंडळाची मंजुरी १ जुलै २०२५ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षाने मिळाली. ९९,४४६ कोटी रुपये आणि दोन वर्षांत साडेतीन कोटींहून अधिक नोकऱ्या असे तिचे स्वरूप ठरून १ ऑगस्ट २०२५ पासून ती लागू झाली. उमेदवारीच्या योजनेसाठी २०२४-२५ मध्ये २,००० कोटींची तरतूद होती, ती सुधारित अंदाजात ३८० कोटींवर आली. पहिल्या फेरीत ८२ हजारांच्या आसपास तरुणांना जागा देऊ करण्यात आल्या, पण प्रत्यक्ष रुजू झाले ते नऊ हजारांच्या आत. दूरच्या शहरात खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास पाच हजारांत भागत नाही, हे गणित करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याला घरून पैसे येतात तोच अशी उमेदवारी करू शकतो. मजुराच्या मुलाला ती परवडत नाही.

७. पैसा कोणत्या दाराने येतो?

हमीच्या योजनेत पैसा सरकारकडून थेट मजुराकडे जातो. नोकरी-प्रोत्साहनाच्या योजनेत तो मालकाच्या निर्णयावर अवलंबून असतो. भविष्य निर्वाह निधीत नोंदलेली आस्थापना असेल, तिने ठरलेल्या संख्येने नवे कामगार घेतले आणि ते सहा महिने टिकले, तरच पैसा मिळतो. संघटित क्षेत्र वाढावे, कामगाराच्या नावाने निधी जमा व्हावा, हा हेतू स्तुत्य आहे. परंतु आपल्या वस्तीतील बांधकाम मजूर, घरकामगार, कचरावेचक, ठेकेदाराकडील सफाई कामगार यांच्यापैकी बहुतेकांचे नाव त्या नोंदणीत नाही. १९३५ च्या अमेरिकन कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार कसे बाहेर राहिले, ते आठवावे. कोणाच्या मनात वाईट नसतानाही दाराची उंचीच अशी असते की काही माणसे आत येऊ शकत नाहीत.

दुसरा मुद्दा आरक्षणाचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ (४) चे संरक्षण राज्यसंस्थेच्या सेवेतील पदांना आहे, खासगी नोकरीला नाही. अर्थसंकल्पाने शिक्षक, परिचारिका, तलाठी, लिपिक अशी रिक्त पदे भरण्यास पैसा दिला तर त्या रोजगारात आपला वाटा निश्चित असतो. तोच पैसा खासगी मालकांना प्रोत्साहन म्हणून दिला किंवा तीच पदे ठेकेदारीने भरली, तर तो वाटा निश्चित राहत नाही. रोजगार एकूण वाढला तरी आपल्याला मिळेल की नाही, हे मालकाच्या पसंतीवर राहते. म्हणून ‘किती नोकऱ्या’ या प्रश्नाबरोबर ‘कोणत्या प्रकारच्या नोकऱ्या’ हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

तिसरा मुद्दा लोकसंख्येच्या प्रमाणात तरतुदीचा. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० मध्ये सुरू झाली. योजनेतील पैशाचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला काढून ठेवावा, हे तिचे तत्त्व होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आणि महाराष्ट्रात ११.८ टक्के आहे. २०१७-१८ पासून केंद्राने योजना आणि योजनेतर खर्च हा भेदच बंद केला. आता ही रक्कम खर्चाच्या तपशिलातील ‘१० अ’ या विवरणपत्रात दाखवली जाते. ते विवरणपत्र वाचताना दोन प्रकारच्या रकमा वेगळ्या कराव्यात. शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्वयंरोजगाराचे भांडवल या रकमा थेट व्यक्तीपर्यंत जातात. सर्वसाधारण योजनेच्या खर्चातील केवळ टक्केवारी या शीर्षाखाली दाखवली असेल, तर आपल्या घरापर्यंत नेमके काय आले ते सांगता येत नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये या तरतुदीसाठी स्वतंत्र कायदे केले. तरतुदीमागे कायदा असला म्हणजे जाब विचारता येतो, हा रोजगार हमीचाच धडा तेथे गिरवला गेला.

८. अर्थसंकल्प वाचण्याचे चार प्रश्न

वरील विवेचनाचे सार आम्ही विद्यार्थ्यांसाठी चार प्रश्नांत मांडतो. रोजगाराची कोणतीही घोषणा ऐकली की हे प्रश्न तिला लावून पाहावेत.

पहिला प्रश्न : पैसा कोठून येणार? रोजगार हमीप्रमाणे त्यासाठी वेगळा कर आणि बांधलेला निधी आहे, की दरवर्षी मंत्रिमहोदयांच्या मर्जीवर ती रक्कम ठरणार?

दुसरा प्रश्न : गेल्या वर्षी जाहीर किती झाले, सुधारित किती झाले आणि खर्च किती झाले? हे तीन आकडे एका ओळीत लिहिले की निम्मे भाषण आपोआप समजते.

तिसरा प्रश्न : पैसा कोणत्या दाराने येणार? थेट मजुराकडे, सरकारी पदांद्वारे, की मालकामार्फत? आणि त्या दारातून आपल्या वस्तीतील कोण आत जाऊ शकतो?

चौथा प्रश्न : तो मिळाला नाही तर दाद कोठे मागायची? कायद्याने हक्क दिला आहे, की केवळ योजनेने सोय केली आहे? सोय केव्हाही काढून घेता येते, हक्क काढून घ्यायला सभागृहात उभे राहावे लागते.

समाजकार्य करणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांना येथे मोठे काम आहे. अर्थसंकल्पाचे दस्तऐवज आज सर्वांना पाहावयास मिळतात. महाविद्यालयात वाणिज्य आणि अर्थशास्त्र शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी दरवर्षी बसून आपल्याशी संबंधित दहा ओळी त्यांतून काढाव्यात आणि विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या फळ्यावर लिहाव्यात. काम मागणाऱ्याला अर्ज लेखी लिहून द्यावा आणि त्याची तारखेसह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये, हे समजावून सांगावे. पोच नसलेला अर्ज सरकारदप्तरी जन्मालाच येत नाही. ग्रामसभेत कामांची यादी ठरते त्या दिवशी आपली माणसे हजर असावीत. जेथे माहिती दिली जात नाही तेथे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा. आणि आपल्यापैकी ज्यांच्या पगारातून व्यवसायकर कापला जातो, त्या नोकरदार बंधू-भगिनींनी हे ध्यानात ठेवावे की, हा कर मुळात गावाकडील मजुराच्या कामासाठी बसवला गेला होता. त्या पैशाचा हिशेब विचारण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे आणि ते कर्तव्यही आहे.

अर्थसंकल्प सभागृहात वाचला जातो तो काही तासांत संपतो. त्याची अंमलबजावणी मात्र वर्षभर तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या आणि तहसीलदाराच्या टेबलावर चालते. तेथे आपला अर्ज असेल तर तरतुदीला अर्थ आहे. तो अर्ज लिहिण्यास शिकलेल्या मुलामुलींनी यंदापासून सुरुवात करावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.